छत्तीसचा आकडा

गेल्या काही वर्षांत एक नवल आमच्या पाहण्यात येत आहे. ज्या कॅमेऱ्यांना घरोघरी कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या लग्नपत्रिका आणि मोडक्या छत्र्यांच्या शेजारी, कायमची विश्रांती मिळाली होती, त्यांना नातवंडे पुन्हा खाली उतरवू लागली आहेत. कोणाच्या घरातून याशिका निघतो, कोणाकडून झेनिट, तर कोणाच्या काकांनी आखातातून सुट्टीवर येताना आणलेला पेंटॅक्स. खिशातल्या फोनवर हवे तेवढे फोटो फुकट निघत असताना महागाचा रोल विकत घ्यायचा, तो धुवायला शहरात पाठवायचा आणि मग दिवस मोजत बसायचे, यात या मुलांना कोणता आनंद मिळतो, असे वडीलधारी मंडळी विचारतात. आम्ही तसे विचारणार नाही. हात राखून वापरलेली वस्तू माणसाला अधिक प्रिय होते, हे आमच्या पिढीला कोणी नव्याने सांगायला नको.

बाजाराचा न्याय लावला तर फिल्म केव्हाच संपायला हवी होती. कोडॅक कंपनीने २००९ साली आपली सुप्रसिद्ध कोडाक्रोम फिल्म बंद केली आणि २०१२च्या जानेवारीत कंपनीने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल ज्यांनी वापरला, त्यांनाही तो आता आठवणीतच शोधावा लागतो. तरीही २०१८ साली कोडॅकने एकदा बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म पुन्हा बाजारात आणली, आणि २०२४ साली पेंटॅक्स या नावाने फिल्मवर चालणारा अगदी नवा कॅमेरा विक्रीस आला. तेव्हा हे केवळ चार दिवसांचे वेड आहे, असे म्हणून हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट राहिलेली नाही.

मात्र या नव्या शिकाऊंना एका गोष्टीची उणीव भासते. पूर्वी गावातल्या स्टुडिओवाल्याकडे रोल दिला, की तो धुतलेली निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून दोन शब्द सुनवी आणि त्या दोन शब्दांत धडा मिळे. आज तो स्टुडिओवाला नाही. रोल कुरियरने जातो आणि त्याचे फळ फोनवर येते. चूक कुठे झाली ते सांगायला कोणी नसते. म्हणून, शिकवण्याचा अधिकार न मिरवता, या मुलांशी दोन गोष्टी बोलाव्यात असे आम्हांला वाटले.

पहिली गोष्ट अशी की, फोनवर चूक तत्काळ दिसते. फिल्म ती पोटात ठेवते. चूक आणि तिचा पुरावा यांच्यामध्ये आठ-पंधरा दिवस जातात. तोवर लग्न उरकलेले असते, पाहुणा विमानात बसलेला असतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. शिकाऊ माणूस आपले सारे लक्ष बटण दाबण्याच्या क्षणावर एकवटतो. पण फिल्मवरचा फोटो त्या क्षणी क्वचितच बिघडतो. तो बिघडतो त्याच्या आधी किंवा नंतर. म्हणूनच नवशिका आणि छत्तीस फोटोंचा रोल यांच्यात पुष्कळदा छत्तीसचा आकडा असतो.

आरंभ रोल भरण्यापासून करू. रोलची जीभ उजवीकडच्या रिळाच्या फटीत नीट अडकली नाही, तर लिव्हर फिरत राहते, मोजणीचा आकडा पुढे सरकत राहतो आणि फिल्म मात्र डबीत स्वस्थ झोपलेली असते. उपाय अगदी साधा आहे. रोल सावलीत भरावा. दोन्ही बाजूंच्या भोकांत कॅमेऱ्याचे दात बसलेले डोळ्यांनी पाहावे. झाकण लावल्यावर डावीकडची रिवाइंडची मूठ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढावा. मग लिव्हर ओढताना ती डावी मूठ आपोआप उलटी फिरते का, ते बघावे. फिरली तर फिल्म चालते आहे; नाही फिरली तर पुन्हा उघडून भरावी. एवढ्या पाहणीला अर्धे मिनिटही लागत नाही.

या अर्ध्या मिनिटाचे मोल काय, ते आमच्या शेजारच्या एका घरात कळले. तिथल्या तरुणाने आपल्या नव्वदीला टेकलेल्या आजीचे फोटो काढायचे ठरवले. आजीबाई लाल लुगडे नेसून, ठेवणीतले दागिने घालून सकाळच्या उन्हात ओटीवर बसल्या. फोटो काढवून घेणे हे त्यांच्या लेखी गंभीर काम होते. त्या हसल्या नाहीत, हलल्याही नाहीत. छत्तीस झाले, तरी लिव्हर पुढे जातच होती. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस! मुलाला वाटले, कंपनीने पदरचे चार जास्तच घातले. रोल धुऊन आला तो स्वच्छ काचेसारखा. घरात एकच गहजब झाला आणि सगळा दोष लॅबवाल्याच्या माथी मारण्यात आला. आम्ही ती पट्टी खिडकीशी धरली. तिच्या दोन्ही कडांवर फिल्मचे नाव आणि एकपासून पुढचे आकडे ठसठशीत उमटलेले होते. हे आकडे कारखान्यातच उजेडाने फिल्मवर टाकलेले असतात आणि धुतल्यावाचून ते दिसत नाहीत. म्हणजे धुणाऱ्याने आपले काम चोख केले होते. फिल्मनेच लेन्स कधी पाहिली नव्हती. आजीबाईंना हे कळले, तेव्हा त्या पुन्हा बसल्या. पण दुपारी, घरातल्या साध्या लुगड्यावर, भात निवडता निवडता. ते फोटो चांगले आले. मात्र त्या सकाळची ती बैठक कुठेच नाही. आणि प्रत्येकाची आजी दुसऱ्यांदा बसायला असतेच, असे नाही.

या प्रसंगातून निगेटिव्ह वाचण्याची विद्या प्रत्येकाने उचलावी. पट्टी कोरी, पण कडेचे आकडे स्पष्ट, तर फिल्मवर उजेड पडलाच नाही. पट्टी कोरी आणि कडाही कोऱ्या, तर दोष धुण्यात आहे. पट्टी कडांसकट काळीकुट्ट, तर कॅमेऱ्याबाहेर कुठेतरी तिला उजेड लागला. चौकटींपुरता रंग फिका आणि सावलीतले तपशील नाहीसे, तर उजेड कमी पडला. हे ज्याला वाचता येते, तो दुसऱ्यावर विनाकारण आळ घेत नाही आणि पुढच्या रोलला तीच चूक करत नाही.

रोल भरल्याबरोबर करायचे दुसरे काम म्हणजे फिल्मचा वेग कॅमेऱ्याला सांगणे. डबीवर १००, २०० किंवा ४०० असा आयएसओचा आकडा असतो; तोच कॅमेऱ्याच्या चकतीवर लावावा लागतो. काही कॅमेरे डबीवरच्या काळ्या-चंदेरी चौकोनांवरून तो आपणच ओळखतात, पण जुन्या यंत्रांना ते ठाऊक नसते. मागचा रोल ४००चा होता, आज १००चा भरला आणि चकती तशीच राहिली, तर सबंध रोलला गरजेच्या एक चतुर्थांश उजेड मिळतो. रोलच्या खोक्याचा वरचा कपटा फाडून कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या खाचेत खोवण्याची पद्धत होती. खाच नसेल तर चिकटपट्टीने लावावा. दोन महिन्यांनी कॅमेरा हाती घेतल्यावर आत कोणता रोल आहे, याचे उत्तर तो कपटाच देतो. आणि एकदा लावलेला आकडा मध्येच बदलू नये, कारण सबंध रोल एकाच वेळी, एकाच रसायनात धुतला जातो.

आता उजेडाकडे वळू. कॅमेऱ्यातला मीटर प्रामाणिक असतो, पण त्याला कल्पना नसते. जे समोर येईल ते मध्यम करड्या रंगाचे आहे, असे तो धरून चालतो. आपल्याकडच्या लग्नात नवरीचा झगा पांढराशुभ्र आणि नवऱ्याचा सूट काळा. नवरी एकटी चौकटीत भरली, तर मीटर म्हणतो, उजेड फार झाला; त्याचे ऐकले तर झगा मळक्या करड्या रंगाचा होतो आणि तिचा चेहरा काळवंडतो. तेथे एक ते दीड स्टॉप उजेड वाढवावा. काळ्या सूटच्या बाबतीत मीटर उलट चुकतो. पाठीमागे समुद्र किंवा उघडे आकाश असले की हाच घोटाळा होतो. अशा वेळी सोपी युक्ती म्हणजे माणसावर जो उजेड पडतो आहे, त्याच उजेडात आपला तळहात धरून मीटर वाचावा आणि त्याहून एक स्टॉप अधिक उजेड द्यावा. तळहात नेहमी बरोबर असतो आणि त्याला बॅटरी लागत नाही.

मीटर बंद पडला तरी हात बांधले जात नाहीत. भर उन्हात लेन्सचे छिद्र एफ १६वर ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याइतका धरावा. १००च्या फिल्मला १/१२५, ४००च्या फिल्मला १/५००. पातळ ढग आले तर एफ ११, आभाळ भरले तर एफ ८, दाट मळभ असेल तर एफ ५.६, मोकळ्या सावलीत एफ ४. किनाऱ्यावरच्या लखलखत्या वाळूत मात्र एफ २२. हे पाढे एकदा पाठ झाले, की डोळ्यालाच मीटरची सवय लागते. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांची १९४१ मधली हकीकत इथे आठवते. न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर चंद्र उगवला होता आणि मावळतीचे ऊन कबरस्तानातल्या पांढऱ्या क्रुसांवर रेंगाळत होते. घाईत त्यांना मीटर सापडेना. पण चंद्राची तेजस्विता त्यांना आकड्यात पाठ होती. त्यावरून हिशेब करून त्यांनी एक फोटो घेतला. दुसरा घेण्याच्या तयारीत असतानाच क्रुसांवरचे ऊन गेले. तो एकुलता फोटो पुढे जगभर गाजला. पाठांतराला कमी लेखणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

दोन मापांत मन घुटमळले, तर निगेटिव्ह फिल्मला उजेड थोडा जास्त द्यावा. जास्त उजेड ती सोसते. कमी उजेड तिला सोसवत नाही, कारण सावलीत जे उमटलेच नाही ते कोणतीही लॅब परत आणू शकत नाही. स्लाइड फिल्मची प्रकृती नेमकी उलट. तिथे जास्त उजेडाने सगळे धुऊन जाते. भर दुपारचे ऊन तर दोघींनाही वैरी. डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठतो आणि देखण्या माणसाचीही कवटी दिसू लागते. माणसाला पडवीत, उजेडाकडे तोंड करून बसवावे. आपल्या जुन्या घरांच्या पडव्या जणू याच कामासाठी बांधल्या आहेत.

हात हलणे हा आणखी एक सर्रास आढळणारा दोष. ढोबळ नियम असा, की लेन्स जितक्या मिलिमीटरची, निदान तितक्या वेगाने शटर चालावे. ५० मिलिमीटरच्या लेन्सला १/६०, १३५च्या लेन्सला निदान १/१२५, जमल्यास १/२५०. कोपरे अंगाशी घ्यावीत, श्वास अर्धा सोडून थांबावे, बटण हिसडा न देता दाबावे. फोकस डोळ्यांवर साधावा. नाकावर किंवा दागिन्यावर नव्हे. ज्या कॅमेऱ्यांत पाहण्याची खिडकी लेन्सहून वेगळी असते, त्यांत लेन्सवर टोपी तशीच राहिली तरी खिडकीतून सगळे छान दिसते, हे विसरू नये. शिवाय अशा कॅमेऱ्याने फार जवळून फोटो घेतला, तर खिडकीला दिसलेले डोके लेन्सला दिसतेच असे नाही. चौकटीतल्या जवळच्या अंतराच्या खुणा त्याचसाठी असतात.

फ्लॅशबद्दल लोकांच्या फार भाबड्या समजुती आहेत. देवळाच्या मागच्या बाकावरून वेदीकडे फ्लॅश मारणारे उत्साही आप्त आपण सर्वांनी पाहिले आहेत. अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा उजेड चौथा हिस्सा होतो. लहान फ्लॅश तीन-चार मीटरपलीकडे फारसे काही करत नाही. मागून मारलेल्या फ्लॅशने पुढच्या बाकावरच्या मंडळींच्या माना तेवढ्या उजळतात. तिथे ४०० किंवा त्याहून वेगवान फिल्म, पूर्ण उघडलेली लेन्स आणि खांबाचा आधार हीच खरी मदत. फ्लॅश वापरायचाच तर शटरच्या चकतीवर जो वेग एक्स अक्षराने, विजेच्या चिन्हाने किंवा वेगळ्या रंगाने दाखवलेला असतो, बहुधा १/६० किंवा १/१२५, त्याहून वेगाने जाऊ नये. गेल्यास शटरचा पडदा मध्येच आड येतो आणि अर्धा फोटो काळा होतो.

वारशाने आलेल्या कॅमेऱ्याची आधी तब्येत पाहावी. झाकणाच्या कडेचा काळा स्पंज चाळीस वर्षांत चिकट भुगा होतो आणि त्यातून उजेड शिरून फोटोंवर केशरी पट्टे उमटतात. तो स्पंज स्वस्तात बदलता येतो. काही जुने मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालत; त्या बॅटऱ्या आता निघत नाहीत, आणि त्यांच्या जागी १.५ व्होल्टची घातली तर मीटर आहे त्याहून जास्त उजेड दाखवतो, म्हणजे फोटो काळे येतात. तसेच, आमच्या किनारपट्टीच्या पावसाळ्यात लेन्सवर बुरशीचे जाळे चढते. कॅमेरा चामड्याच्या पेटीत कोंडून न ठेवता हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. नव्या-जुन्या कोणत्याही कॅमेऱ्यातून पहिला रोल घरच्या अंगणातच काढावा. पहिल्याच रोलची परीक्षा मावसबहिणीच्या लग्नात घेऊ नये.

शेवटचा फोटो निघाला म्हणजे काम संपले, असे नाही. धोका तिथेच दबा धरून असतो. लिव्हर अडली की ती जोराने ओढू नये. तळाचे बारीक बटण दाबून, मूठ फिरवून, फिल्म पूर्ण डबीत गेल्याचा सैलपणा हाताला कळल्यावरच झाकण उघडावे. चुकून आधी उघडले, तर घाबरून पाहत न बसता तत्क्षणी मिटावे. रिळावर गुंडाळलेल्या आतल्या वेढ्यांतले काही फोटो पुष्कळदा वाचतात. काढलेला रोल स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, आणि दोन पावसाळे कॅमेऱ्यातच तर मुळीच राहू देऊ नये; उष्णता आणि ओल यांनी फिल्मवरचे अदृश्य चित्र हळूहळू विरत जाते. कोरे रोल बंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावेत, आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच न उघडता काही तास थांबावे, म्हणजे दव धरणार नाही.

परदेशी जा-ये करणाऱ्यांनी एक नवी गोष्ट लक्षात घ्यावी. विमानतळांवर हातातल्या सामानासाठी जी नवी सीटी पद्धतीची तपासणी यंत्रे आली आहेत, ती न धुतलेल्या फिल्मला एका फेरीतही बिघडवू शकतात. सामानात टाकलेल्या रोलांची अवस्था याहून वाईट होते. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवून, हाताने तपासण्याची नम्र विनंती करावी. ती नेहमी मान्य होईलच असे नाही. म्हणून शक्य असेल तर रोल निघण्यापूर्वी तिथेच धुऊन घ्यावेत.

काही हौशी मुले कृष्णधवल रोल घरीच धुऊ लागली आहेत, याचे आम्हांला कौतुक वाटते. त्यांनी दोनच पथ्ये पाळावीत. पुस्तकातले वेळापत्रक बहुधा २० अंश तापमानाचे असते, तर मे महिन्यात आपल्या नळाचे पाणी त्याहून कितीतरी ऊन असते. त्याच वेळाने धुतले तर फोटो करपल्यासारखे दाट होतात. बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान मोजूनच सुरुवात करावी. आणि डेव्हलपर व फिक्सर यांच्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नावे लिहावीत. फिक्सर आधी पडला तर सबंध रोल पुसून जातो आणि त्याला कोणताही उतारा नाही.

एक लहानशी वही कॅमेऱ्याच्या पिशवीत असावी. रोलचा क्रमांक, तारीख, फिल्मचा आकडा आणि प्रत्येक फोटोचे छिद्र व वेग तीत टिपावेत. रोल धुऊन आला, की वही शेजारी ठेवून एकेक चौकट पाहावी. तीन रोलांत माणूस इतके शिकतो, तितके वहीवाचून तीसमध्येही शिकत नाही, असे आमचे निरीक्षण आहे.

शेवटी एक आग्रहाची सूचना. हल्ली लॅबकडून फोटो फोनवर आले, की मुले निगेटिव्ह परत मागतच नाहीत आणि कालांतराने ती केराच्या टोपलीत जाते. फोन तीन-चार वर्षांत बदलतो; भिंतीवरचा फोटो उन्हाने उडतो. निगेटिव्ह मात्र कोरड्या जागी, तिच्या पातळ पाकिटात, क्रमांक घालून ठेवली तर पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप जाते आणि तिच्यावरून पुन्हा नवा फोटो करता येतो. रोल देतानाच सांगावे, की निगेटिव्ह परत हवी. आणि आली, की पाकिटावर माणसांची नावे आजच लिहावीत. आपल्याला ती माणसे ओळखू येतात. पन्नास वर्षांनी खिडकीशी ती पट्टी धरणाऱ्याला ती येणार नाहीत.